निदण उपटताना

जामसंड्यातील एका तरुणाचा विवाह मस्कतला ठरला. त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत मी तेथील धर्मगुरूंना ईमेलने पाठविली. ती परत आली. कारण काय, तर पत्र ज्या सर्व्हरवरून निघाले तोच काळ्या यादीत! त्या सर्व्हरवरील दुसऱ्याच कोणी जाहिरातींचा भडिमार केला होता. शिक्षा मात्र सर्वांना.

नकोशी पत्रे लोकांच्या माथी मारणे हा अपराधच आहे. आपले दार कोणासाठी उघडावे, हा घरधन्याचा हक्क. परंतु १९९८ पासून याद्या ठेवणारी स्पॅमहॉस असो वा दुसरी कोणी, एकाची यादी पाहून असंख्य सर्व्हर दार लावतात, तेव्हा तो निवाडा ठरतो. निवाडा करणाऱ्याने आधी आरोप कळवावा, म्हणणे ऐकावे, परतीची वाट मोकळी ठेवावी. काही याद्यांत ती वाट असते. पण ती शोधण्याचे ओझे निरपराध्याच्याच डोक्यावर!

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे कोकणाला सांगावयास नको. एकाच्या कथित अपराधापायी सबंध घराशी बोलणेचालणे बंद! ही रूढी मोडण्यासाठी महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गावकीला जे नाकारले, ते यंत्राला का बहाल करावे?

निदण उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून प्रभूच्या दृष्टान्तातील धनी चाकरांना थांबवितो. दोषी पत्ता अवश्य रोखा. त्याच्या शेजाऱ्याला वाळीत टाकू नका.