खुरपणीचा तास

पळस म्हणजे एक प्रकारचे झाड. पांगारा म्हणजेही एक प्रकारचे झाड. शब्दार्थाच्या याद्यांनी आपल्या कित्येक पिढ्यांना हेच शिकवले. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) किंवा महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) एम.ए.च्या वर्गात शिकवताना या शिकवणुकीचे फळ हाती येते. विद्यार्थी प्रतिमासृष्टीवर चार पाने लिहितात. पण प्रतिमा ज्यावरून उचलली, ते झाड त्यांनी पाहिलेले नसते. अशा वाचकापुढे मराठी साहित्याचा बराच मोठा भाग केवळ नाद होऊन उरतो.

यावर उपाय म्हणून शाळाशाळांतून वृक्षारोपण होते, सहली निघतात, कृषिपर्यटन केंद्रात बैलगाडीची एक फेरी आणि हुरडा होतो. त्यातून आनंद मिळतो, ओळख होत नाही. ओळख व्हायची तर हाताला काम हवे, आणि ते वर्षभर हवे. आमच्या मते त्यासाठी खुरपणीइतका चांगला पाठ नाही. काय उपटायचे आणि काय राखायचे, हे ठरवल्याशिवाय खुरपे चालतच नाही. केना भाजीला ठेवावा की काढून टाकावा, कोवळा कुर्डू कधी खुडावा, गाजरगवताला उघड्या हाताने का शिवू नये, हे प्रश्न तेथे आपोआप उभे राहतात. करटोलीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. एकच वेल लावणारे मूल फळाची वाट पाहत राहते आणि परागीभवनाचा धडा कायमचा शिकते. पहिल्या पावसानंतर उगवणारी शेवळे घशाला खाजतात, म्हणून त्यांच्या भाजीत काकडे घालतात. हे ज्ञान पाठ्यपुस्तकाने नव्हे, स्वयंपाकघराने जपले आहे.

ही कल्पना नवी नाही. १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केले. पुढे कोसबादला, गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेचे मर्म अजून आपल्या पचनी पडलेले नाही. मुलाला झाडझाडोऱ्याविषयी जे ठाऊक आहे ते अज्ञान नव्हे, तेथूनच शिक्षणाला आरंभ करायचा असतो, हे ते मर्म होय.

'देशी' या शब्दाचा अभिमान मात्र जपून बाळगावा. मिरची, बटाटा, पेरू अमेरिकेतून आले आणि आपले झाले. मादागास्करचा गुलमोहरही आपल्या कवितेत रुजला. प्रश्न जन्मभूमीचा नसून नात्यांचा आहे. रुईच्या पानावर 'प्लेन टायगर' फुलपाखराची अळी वाढते. घाणेरीचे रान माजले की खालचे गवत आणि झुडपे हटतात. कोण कोणाला जगवते, हे मुलाने पाहिले की देशी-विदेशी हा भेद घोषणा न राहता निरीक्षण होतो.

शेतकऱ्याची मुले घरी राबतातच, त्यांना शाळेतही राबवायचे काय, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. शाळेतले शेतकाम उत्पन्नासाठी नसावे, मुलाच्या वयाला झेपेल इतकेच असावे आणि ते सर्वांना सारखे असावे. खुरपे गावच्या मुलाच्या हाती आणि वही शहरच्या मुलाच्या हाती, अशी वाटणी नको. उलट या तासाला शेतकऱ्याचे मूल प्रथमच वर्गात पुढे बसेल. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी वाणांचे बियाणे जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२०चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. अशा स्त्रियांना गावोगावच्या शाळांनी शिक्षक म्हणून मानाने बोलवावे.

साहित्याच्या अध्यापकांनी हे काम विज्ञानशिक्षकांवर सोपवून मोकळे होऊ नये. शब्द जपणे हा आपला व्यवसाय आहे, आणि भारंगी, करटोली, शेवळे हे शब्द कोशात जपून टिकणार नाहीत. ते बांधावर उगवले, कोणी खुडले आणि कोणी नावाने हाक मारली, तरच भाषेत राहतील.