पदर दिसतो, कनवट दिसत नाही

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात काम करणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून एक वाक्य अनेकदा कानी येते : "वर्गणी मागितली की बायांजवळ पैसे नसतात, अंगावर मात्र दर महिन्याला नवा ड्रेस!" बोलणारा मनाने वाईट नसतो. दिवसभर वस्ती पालथी घालून रिकाम्या पावतीपुस्तकानिशी परतलेल्या माणसाचा तो वैताग असतो. परंतु बाईच्या कपड्यावरून तिची पैशाची सवय ओळखायची आणि त्या सवयीवरून तिची लायकी ठरवायची, ही जुनी खोड त्या वैतागातून बोलत असते. ती आपल्यात आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

२०२४ साली राज्य सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेखाली स्त्रियांच्या खात्यावर दरमहा १,५०० रुपये जमा करण्यास प्रारंभ केला. योजनेमागील राजकीय हेतूंची चर्चा वेगळी होऊ शकते. पण हे पैसे साड्या-पावडरीत उडतील, हा सूर गावोगावच्या कट्ट्यांवर लगेच उमटला. २०१९ पासून शेतकऱ्यांच्या खात्यावर वर्षाला ६,००० रुपये येऊ लागले, तेव्हा त्यांतून किती शर्ट शिवले जातील याची चौकशी फारशी कोणी केली नव्हती. पुरुषाच्या खिशातील रुपया खर्च होतो आणि बाईच्या हातातला उधळला जातो, असे आपल्या समाजाचे व्याकरण आहे.

हे व्याकरण तपासायला उल्हासनगरसारखे गाव शोधून सापडणार नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार मागे टाकून आलेल्या या लोकांनी कमी नफ्यात अधिक विक्री करण्याचा मार्ग धरला. जपानी बाजार आणि गजानन मार्केट ही नावे कापडासाठी सर्वदूर गेली. पुढे जीन्स शिवण्याचा धंदा येथे फोफावला. श्रीमंतांच्या दुकानात दिसलेली तऱ्हा थोड्याच दिवसांत कष्टकऱ्याला परवडेल अशा भावात आणणे, ही या गावाची करामत. नकली मालाचे गाव म्हणून त्याची थट्टा झाली. त्या थट्टेतही, गरिबाने चांगले दिसण्याची हौस कशाला करावी, असा एक छुपा तुच्छभाव होताच.

मात्र ही स्वस्ताई आली कोठून, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. शिवून झालेल्या पँटचे लोंबते दोरे कापणे, बटणे लावणे, घड्या घालणे ही कामे मोठ्या प्रमाणावर बाया करतात. कित्येकजणी घरच्या उंबऱ्यात बसून, स्वयंपाक आणि पोरे सांभाळून करतात. मजुरी नगावर. हजेरीपट नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. घरबसल्या काम करणाऱ्यांना अन्य कामगारांच्या बरोबरीने वागवावे, असा ठराव आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली क्रमांक १७७ चा करार म्हणून संमत केला; भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. जीन्सच्या धुलाईचे रंगीत पाणी वालधुनीत गेले, ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले, आणि धुलाईच्या अनेक कारखान्यांना टाळे लागले. नदी वाचलीच पाहिजे, यात शंका नाही. पण कारखाना बंद पडला की दोरे कापणारीचे कामही थांबते, आणि तिला नुकसानभरपाई मागण्यापुरताही कागद कोणी दिलेला नसतो. जिच्या कमी मजुरीतून स्वस्त फॅशन निर्माण होते, तिनेच तो स्वस्त ड्रेस घातला तर आपण तिला उधळी म्हणावे काय?

आता या कपड्यांचा हिशेब नीट मांडून पाहू. बदलापूरहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर आहे. सकाळच्या गर्दीत स्त्रियांच्या डब्यात शिरणाऱ्या कामकरी बाईला पंजाबी ड्रेस ही चैन नव्हे; पायात न अडकणारे ते कामाचे वस्त्र आहे. सिंथेटिक साडी रात्री धुतली की सकाळी नेसता येते. तिला खळ लागत नाही आणि इस्त्रीचे पैसेही वाचतात. सुती साडीचा साधेपणा ज्यांना भावतो, त्यांनी ती धुण्याला आणि इस्त्रीला लागणारे श्रम कोणाचे, याचाही विचार करावा. कार्यालयात किंवा दुकानात कामाला असलेल्या मुलीकडून नीटनेटक्या कपड्यांची अपेक्षा मालकच ठेवतो. त्यासाठी भत्ता मात्र देत नाही. म्हणजे ज्याला आपण नटणे म्हणतो, त्याचा मोठा भाग नोकरी टिकवण्याचा खर्च असतो.

दागिन्यांचेही तसेच. गळ्यातले सोने ही पिढ्यान्‌पिढ्या बाईची बँक होती, कारण दुसरी बँक तिच्या नावाची नव्हती. घर नवऱ्याचे, शेत सासऱ्याचे; तिचे म्हणून काय, तर अंगावरचे. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर केवळ स्त्रीचाच हक्क असल्याचे स्पष्ट केले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचे स्थान दिले. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत घराघरांत चालूच आहे. अशा स्थितीत बाई सोने घेते, भिशी लावते. मुलाच्या प्रवेशासाठी वा नवऱ्याच्या दवाखान्यासाठी तेच सोने गहाण पडते आणि तिच्या गळ्यात एक ग्रॅमच्या मुलाम्याचे मंगळसूत्र येते. पाहणाऱ्याला चकाकी दिसते. गहाणखताची पावती दिसत नाही. पदर साऱ्या गावाला दिसतो, कनवटीला काय उरले आहे ते तिचे तिलाच ठाऊक.

वेशभूषेचा प्रश्न क्षुल्लक आहे, असे महाराष्ट्रातील चळवळींनी कधी मानले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदलण्यास आणि हीनपणाची खूण ठरलेले जड दागिने टाकून देण्यास सांगितले. त्या उपदेशाचा गाभा काटकसर नव्हता, मानवी प्रतिष्ठा हा होता. कोणी काय नेसावे हे जात ठरवत होती आणि तो अधिकार त्यांनी जातीच्या हातून काढून घ्यावयास लावला. आज वस्तीतील मुलगी जीन्स घालते, तेव्हा तिच्या मनातही वस्ती आणि जात कपड्यावरून ओळखू येऊ नये, अशी इच्छा असणे अगदी शक्य आहे. त्या इच्छेची किंमत काही रुपयांच्या हिशेबात मोजता येणार नाही.

याचा अर्थ फॅशनचा बाजार निष्पाप आहे, असा नव्हे. गेल्या वर्षीचा कपडा यंदा लाजिरवाणा वाटावा यासाठी भांडवल राबत असते. हप्त्यावर वस्तू देणारे आणि गटाच्या जामिनावर कर्ज देणारे दारापर्यंत येतात. लग्नातल्या मानपानाच्या साड्यांसाठी कुटुंबे कर्जात बुडतात. त्यावर टीका झालीच पाहिजे. पण ती बाजारावर, व्याजाच्या दरावर आणि मानपानाच्या रूढीवर झाली पाहिजे. तसेच ती करताना घरातल्या दारूचा, गुटख्याचा आणि हप्त्यावरच्या मोटारसायकलचा हिशेबही त्याच वहीत लिहिला पाहिजे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांनी महागाईविरुद्ध स्त्रियांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. घरखर्चाचे गणित बाईला कळते, किंबहुना तिलाच कळते, या विश्वासावर ते आंदोलन उभे होते. तो विश्वास आपण गमावला असेल, तर दोष तिच्या ड्रेसचा नाही.

म्हणून या पट्ट्यातील कार्यकर्त्यांपुढे काही कामे स्पष्ट आहेत. नगावर काम करणाऱ्या स्त्रियांची वस्तीवार नोंद करावी. त्यांचे दर किमान वेतनाशी ताडून पाहावेत आणि फरक चव्हाट्यावर मांडावा. अंबरनाथ-बदलापुरात नव्या इमारती उभ्या राहत आहेत. केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ही गोष्ट घरोघरी सांगावी. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणीला कायदा समजावून द्यावा, आणि याचा आरंभ स्वतःच्या घरापासून करावा.

बाईच्या पैशाच्या सवयी जाणून घ्यायच्याच असतील, तर तिच्या अंगावर काय आहे हे पाहू नका. तिच्या नावावर काय आहे ते विचारा. बहुतेक घरांत उत्तर देताना खाली पाहावे लागेल ते पुरुषांना. मग पावतीपुस्तक पुढे करावे. त्या दारात वर्गणी मागण्याचा अधिकार तेव्हाच आपल्याला लाभेल.