रात्री दोनची परीक्षा

परीक्षा म्हटली की मार्च-एप्रिलचे ऊन, हातावर दही-साखर आणि घरभर दबका आवाज आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण पन्नाशीला आलेल्या बायका आणि निवृत्तीला टेकलेले पुरुष परीक्षेला बसलेले तुम्ही कधी पाहिले आहेत? मी पाहिले आहेत. नुसते पाहिले नाहीत, त्यांचे पेपर मीच काढले आणि मीच तपासले आहेत.

मनोरुग्णांच्या एका रुग्णालयात परिचारिकांना शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे केले. सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशी यांची वर्षातून एकदा ‘क्षमता-चाचणी’ घ्यायची, निकाल फाइलला लावायचा आणि तपासणीला कोणी आले की ती फाइल पुढे करायची, हा आमचा शिरस्ता. पहिल्या बाकावरचे उत्तर दहा मिनिटांत शेवटच्या बाकावर पोचे. ज्या मावशींना लिहिता येत नसे, त्यांचा पेपर दुसरेच कोणी लिही आणि मावशी खाली अंगठा उठवत. मला हे सारे दिसत होते, पण मी डोळेझाक करत होते. सगळे पास झाले की सगळेच सुटत असत, मीसुद्धा!

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. पुढच्या वर्षीच्या पेपरात मी मोठ्या उत्साहाने प्रश्न घातला: ‘रुग्णाला बांधून ठेवण्यासंबंधी कायद्यातील तरतुदी लिहा. गुण १०.’ उत्तर सरळ आहे. साखळदंड तर कोणत्याही परिस्थितीत नाहीच. अन्य प्रकारे बांधायचे तर रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग उरला नसेल तेव्हाच. उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची परवानगी हवी, केसपेपरवर नोंद हवी, सतत देखरेख हवी. शिक्षा म्हणून बांधायचे नाही आणि माणसे कमी आहेत म्हणूनही बांधायचे नाही. एका तरुण सिस्टरने हे मुद्देसूद लिहिले. मी तिला नऊ मार्क दिले.

तीन आठवड्यांनी सकाळच्या राउंडला एका रुग्णाची मनगटे काळीनिळी दिसली. चादरीच्या पट्ट्या फाडून त्याला रात्री दोनपासून सातपर्यंत कॉटला बांधले होते. केसपेपरवर अक्षर नाही, डॉक्टरांना फोन नाही. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. भेटीच्या दिवशी त्याची आई डब्यात शिरा घेऊन आली, तर त्याला चमचा धरता येईना. बोटांतली बधिरता जायला कित्येक आठवडे लागले.

ड्यूटी त्याच सिस्टरची होती. मी तिला म्हटले, “अगं, तू तर हे सगळं अचूक लिहिलं होतंस!”

ती उद्धटपणे बोलली नाही. अगदी साधेपणाने म्हणाली, “मॅडम, ते पेपरात लिहायचं असतं. रात्री मी आणि एक मावशी, चाळीस पेशंट. तो खिडकीवर डोकं आपटत होता. अशा वेळी नक्की काय करायचं, ते आम्हाला कुणी करून दाखवलंच नाही.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आले नाही. त्यांची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. वर्गात डोळे पाणावत, पण वॉर्डात चादर फाटतच होती. तिला नऊ मार्क मिळाले होते, नापास झाली होती मी.

मग सुधारणा सुरू झाली, तीही आधी चुकीच्या वाटेने. चाचणी कंटाळवाणी होते म्हणून आम्ही ती ‘रंजक’ केली. टीव्हीवरच्यासारखी प्रश्नमंजूषा, दोन गट, टाळ्या, बक्षिसाला स्टीलचे डबे! सगळे पोट धरून हसले. वॉर्डात मात्र काडीचा फरक पडला नाही. चुकीचा प्रश्न हसतखेळत विचारला म्हणून काही तो बरोबर होत नाही.

योग्य वाट जुनीच होती. अमेरिकेत १९६०च्या दशकात हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने निरोगी माणसांना रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवायला सुरुवात केली. स्कॉटलंडमध्ये डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली परीक्षेची अशी पद्धत मांडली की, विद्यार्थी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणी ठरल्या वेळात काहीतरी करून दाखवतो. आम्ही एवढा थाट केला नाही. पाळी बदलताना पंधरा मिनिटे, रिकामी कॉट आणि रुग्णाचे काम करायला आमचे एक वॉर्डबॉय मामा. गणपतीतल्या नाटकांत त्यांचा हात बसलेला होता.

पहिली परीक्षा मेट्रननी आणि मी दिली, तीही सगळ्यांसमोर. मामा ओरडत अंगावर आले आणि मी थेट दार अडवून उभी राहिले. बिथरलेल्या माणसाची वाट अडवू नये आणि आपलीही वाट मोकळी ठेवावी, हे मी वीस वर्षे शिकवत होते! हशा पिकला. मात्र त्या हशाने सर्वांच्या मनातली भीती गेली. शिकवणारीच चुकते म्हटल्यावर बाकीच्यांना चुकायची मुभा मिळाली.

मग एका मावशींची पाळी आली. दरवर्षी दुसऱ्याच्या अक्षरात पास होणाऱ्या त्या मावशी मामांच्या जवळ गेल्या नाहीत. दोन हात लांब, जराशा बाजूला उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “दादा, पाणी देऊ का?” मामा नाटक विसरून थांबलेच. मावशी आम्हाला म्हणाल्या, “पेला हातात घ्यायचा तर माणसाला थांबावंच लागतं.” ही युक्ती त्या किती वर्षे वापरत होत्या कोण जाणे! माझ्या पेपरात तिला अर्धा मार्कही नव्हता.

हळूहळू प्रसंग वाढवले. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने कधीकधी रुग्णाची मान एकदम वाकडी होते, डोळे वर चढतात. मामांनी ते करून दाखवले तेव्हा निम्म्यांनी सांगितले, “नाटक करतोय”, एकाने तर “अंगात आलंय” म्हणून टाकले. हा औषधाचा दुष्परिणाम आहे, डॉक्टरांना ताबडतोब बोलावले तर इंजेक्शनने थोड्याच वेळात उतरतो, हे त्या दिवशी जे डोक्यात बसले ते व्याख्यानांनी बसले नव्हते. दुसरा प्रसंग, आपल्या वस्तू वाटून टाकणाऱ्या आणि अचानक शांत झालेल्या रुग्णाचा. त्याला ‘जीव द्यायचे विचार येतात का’ असे स्पष्ट विचारायला सिस्टरांची जीभ रेटेना. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. पण ते वाक्य तोंडाने दहा वेळा म्हटल्याशिवाय ऐन वेळी बाहेर पडत नाही. आम्ही म्हणायला लावले. चुकले तर आठवड्याने पुन्हा, निकाल मात्र फळ्यावर लागत नसे.

यावर आक्षेप आले, आणि ते खरे होते. “माणसं द्या, मग परीक्षा घ्या,” वॉर्डबॉय म्हणाले. गंमत अशी की, ते उत्तर परीक्षेतूनच निघाले. चाळीस रुग्णांच्या वॉर्डात दोघांनी, न बांधता, एकाला सावरून दाखवावे असा प्रसंग ठेवला. कोणालाच जमला नाही, मेट्रननाही नाही. व्यवस्थापनाला आम्ही तो निकाल जसाच्या तसा दिला. चार महिने गेले, पण रात्रपाळीला तिसरे माणूस आले. ‘सगळे पास’ असे लिहून इतकी वर्षे आम्ही रुग्णालयाचीच नापासी झाकत होतो. चांगली चाचणी कर्मचाऱ्याची असते तितकीच संस्थेचीही असते, आणि म्हणूनच कदाचित ती संस्थांना नकोशी असते.

हे सारे कुटुंबात बसून रविवारी वाचणाऱ्यांना कशाला? कारण आजार घर बघून येत नाही. उद्या आपले माणूस अशा वॉर्डात ठेवायची वेळ आली, तर आपण डॉक्टरांची पदवी विचारतो, खोलीचे भाडे विचारतो. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. रात्री वॉर्डात किती माणसे असतात? आणि रुग्ण बिथरला तर काय करायचे, हे त्यांनी शेवटचे कधी करून पाहिले? रुग्णाला बांधावे लागलेच, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्या. त्या आईला हे कोणी सांगितले नव्हते. तिने मला एवढेच विचारले होते, “बाई, याच्या हाताला काय झालं?”

नऊ मार्कांचा तो पेपर मी अजून जपून ठेवला आहे. त्यातली उत्तरे सगळी बरोबर आहेत.