सोडलेल्या भाकरीचा हिशेब

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी हातात धरून मिरवलेल्या झावळ्या ख्रिस्ती घरांत क्रुसामागे खोचून ठेवलेल्या असतात. वर्षभरात त्या वाळतात, धूळ खातात. उपवासकाळ तोंडावर आला की त्या चर्चमध्ये परत जातात, जाळल्या जातात आणि त्यांचीच राख भाविकांच्या कपाळी लागते. आज, १८ फेब्रुवारी २०२६, राखेचा बुधवार. छत्रपती संभाजीनगरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलपासून वैजापूर-गंगापूरकडच्या खेड्यांतील लहानशा चर्चपर्यंत आज रांगा लागतील. फादर राखेने क्रुसाची खूण करतील आणि माणूस मातीचा आहे, मातीलाच मिळणार आहे, याची आठवण देतील. आज सुट्टी नाही. मिस्सेहून कोणी वाळूजला पाळीवर जाईल, कोणी घाटीत रुग्णसेवेला, कोणी शाळेत शिकवायला. ‘कपाळाला काय लागलंय?’ असे कोणीतरी विचारेल. उत्तर देणारा बहुधा ओशाळून हसेल.

त्या हसण्याला कारण आहे. आजच्याच मिस्सेत मत्तयाच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचला जातो, त्यात येशूने उपवासाच्या प्रदर्शनाला सक्त मनाई केली आहे. उपवास करणाऱ्याने तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, चेहरा पाडून फिरू नये, दान करावे तर एका हाताचे दुसऱ्या हाताला कळू देऊ नये, असा तो उपदेश आहे. तो ऐकायचा आणि लगेच कपाळी राख लावून घ्यायची! चर्चने ही विसंगती शतकानुशतके मुद्दाम जपली असावी. राख सगळ्यांना दिसते, उपवास कोणाला दिसता कामा नये. आजपासून ईस्टरपर्यंतची सारी साधना या दोन गोष्टींच्या ओढाताणीत चालते.

यंदाचा आठवडा या शहरासाठी आणखी एका कारणाने वेगळा आहे. रविवारी महाशिवरात्र झाली. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागली आणि घरोघरी साबुदाणा भिजला. आज राखेचा बुधवार. चंद्रकोर दिसली की रमजानचे रोजे सुरू होतील आणि शहागंज, बुढी लेनच्या बाजूला पहाटे सहेरीची जाग येईल. शहराचे नाव काय असावे यावर आपण पुष्कळ वाद घातले. पण त्याच्या तीन समाजांनी एकाच आठवड्यात आपापल्या पोटाला लगाम घातला, याची नोंद घ्यायला हवी. शेजाऱ्याचा उपवास ज्याला ठाऊक असतो, तो त्या दिवशी त्याच्या दारावरून जाताना जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

ख्रिस्ती उपवासकाळ चाळीस दिवसांचा मानतात. पंचांग उघडून मोजले तर आजपासून ४ एप्रिलपर्यंत शेहेचाळीस दिवस भरतात. मधले सहा रविवार गणतीत धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. त्या दिवशी शोक नाही. नियम म्हणाल तर कॅथलिक चर्चचे सध्याचे नियम सौम्य आहेत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल पडेपर्यंत केवळ दोन दिवस सक्तीचे, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. त्या दिवशी एक पोटभर जेवण आणि दोन वेळा अगदी थोडे खाणे. चौदा वर्षांपुढच्यांनी ठरलेल्या दिवशी मांस वर्ज्य करायचे. बाकी ज्याने त्याने ठरवावे. कोणी चहा सोडतो, कोणी तंबाखू, कोणी रात्रीचे जेवण. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत राखेपेक्षा प्रार्थनासभांवर आणि क्रुसावरच्या सात उद्गारांच्या मननावर भर असतो.

या साध्याशा उपवासाला मराठवाड्यात एक खोल अर्थ आहे. तो समजायला इथल्या ख्रिस्ती समाजाने ऐकलेला सर्वात जुना टोमणा आठवावा लागतो: ‘भाकरीसाठी बाटले.’

फ्रान्समधल्या आनसी गावी १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यातील या भागात आले. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी त्याआधीच ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वस्ती उभारली होती. शेषाद्री ब्राह्मण होते, ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळकही ब्राह्मण. त्यांना कोणी भाकरीचा टोमणा मारू शकले नाही. पण त्यांचे दाखले देऊन सगळ्या समाजाची वकिली करण्यात अर्थ नाही. इथली बहुसंख्य कुटुंबे गावकुसाबाहेरची होती. पाणवठा बंद, देऊळ बंद, शाळा बंद. त्यात १८७६ ते ७८ आणि मग १८९९-१९०० चे भीषण दुष्काळ. त्या माणसांना धान्य, शाळा, औषध आणि ‘तूही देवाचे लेकरू’ हा शब्द एकाच दारात मिळाला. त्यातले कोणते धान्य आणि कोणता धर्म, हे वेगळे करून दाखवा असे म्हणणाऱ्याने स्वतः भूक पाहिलेली नसते.

मराठीत उपवास आणि उपासमार हे शब्द एकमेकांना लागून आहेत. त्यांच्यातले अंतर मात्र फार मोठे. उपासमार लादलेली असते. उपवास करायला आधी ताटात काहीतरी असावे लागते. ज्यांच्या पणजोबांना भूक न मागता मिळाली, त्यांचे पणतू आज ताटातली भाकर आपल्या मर्जीने बाजूला सारतात, हे त्यांच्या स्वातंत्र्याचे लक्षण आहे. भाकरीसाठी धर्म घेतल्याचा आरोप ज्यांच्यावर झाला, ते दर वर्षी धर्मासाठी भाकर सोडतात. टोमण्याला याहून सभ्य उत्तर आम्हाला माहीत नाही.

उपवासकाळाच्या मुळाशी असलेली कथा या प्रदेशात वेगळीच ऐकू येते. येशू चाळीस दिवस रानात उपाशी होता. सैतानाची पहिली भुरळ अशी, की या दगडांच्या भाकरी कर. त्याने नकार दिला. आता १९७२ चा मराठवाडा आठवा. दुष्काळी कामावर माणसे उन्हात खडी फोडत होती. मुलांना सुकडी मिळत होती, रेशनवर लाल मिलो येत होता. दगडाची भाकर करणे हा त्या वर्षी लाखोंचा रोजगार होता, आणि त्यांत सर्व जातिधर्मांची माणसे होती. ज्या घरातल्या आजीने खडी फोडून लेकरे जगवली, त्या घरात दगड आणि भाकरीची ही गोष्ट नुसता दृष्टांत म्हणून वाचता येत नाही. भुकेल्याला भाकर नाकारून मिळणारे पुण्य त्या आजीला कोणी सांगू नये. येशूने नाकारली ती स्वतःपुरती भाकर. पुढे डोंगरावर लोक भुकेले दिसले तेव्हा त्याने त्यांना बसवून जेवू घातले.

शहराच्या कॅथेड्रलला ज्यांचे नाव आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) जिनिव्हाचे बिशप होते. १६०९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे भक्तिमार्गावरचे पुस्तक मठातल्या साधकांसाठी नव्हते, संसारी माणसांसाठी होते. त्यांचे म्हणणे असे, की बिशपने संन्याशासारखा एकांत धरला किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्येच बसून राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद होईल. शिपाई, विधवा, दुकानदार, प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामातून उगवली पाहिजे. सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला हे ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा पाळी चुकवून क्रुसाच्या वाटेला जाणारा कामगार आणि यंत्रावर नीट काम करून उरलेल्या वेळात जाणारा कामगार, यांत संत फ्रान्सिस कोणाच्या पाठीवर हात ठेवतील, हे सांगायला नको.

याच उपवासकाळात, फाल्गुन वद्य षष्ठीला, पैठणला नाथषष्ठी भरेल. शहरापासून अवघ्या तासा-दीड तासाच्या वाटेवर. एकनाथ महाराजांनी श्राद्धाचे अन्न गावकुसाबाहेरच्या भुकेल्यांना वाढले आणि त्यापायी गावाचा रोष ओढवून घेतला, ही कथा इथे सर्वांना पाठ आहे. नाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला तेव्हा फादर स्टीफन्स यांना गोव्यात येऊन वीस वर्षे झाली होती. पुढे १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून आले. परदेशी धर्मगुरूला ख्रिस्ताचे क्लेश सांगायला ओवीच घ्यावीशी वाटली. दोघांची भेट झाली नाही. पण देवाला वाहिलेले अन्न अखेर कोणाच्या पोटात जाते, हा प्रश्न दोन्ही परंपरांत आहे.

तोच प्रश्न आज या समाजापुढेही ठेवला पाहिजे. उपवासकाळ पाळणे सोपे झाले आहे. मोबाइलच्या स्टेटसवर काट्यांचा मुकुट लावला, मटणाऐवजी महागडी मासळी आणली, शुक्रवारी पांढरे कपडे घातले, की झाले. मंडळीतली जुनी भांडणे, जागेचे आणि हक्कांचे कज्जे मात्र तसेच चालू राहतात. यशया संदेष्ट्याने अडीच हजार वर्षांपूर्वी नेमके यावरच बोट ठेवले होते: उपवासाच्या दिवशी भांडता, मजुरांना राबवून घेता, आणि देव पाहत नाही म्हणून कुरकुरता? देवाला हवा तो उपवास म्हणजे जोखड मोडणे, भुकेल्याशी भाकर वाटून घेणे, उघड्याला वस्त्र देणे.

म्हणून या चाळीस दिवसांचा हिशेब घरातच मांडावा. रोजचा एक चहा सोडला तर महिन्याकाठी किती उरतात, आणि ते पैसे कोठे गेले? सोडलेली भाकर डब्यात शिळी झाली, की ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे गावात राहिलेल्या एखाद्या पोराच्या ताटात पडली? ज्या भावाशी बोलणे बंद आहे, त्याच्या दारात या सहा आठवड्यांत एकदा तरी पाऊल पडले का? हे हिशेब चर्चच्या वहीत लिहायचे नसतात, म्हणूनच ते खरे ठेवणे कठीण जाते.

यंदा पवित्र गुरुवारी, २ एप्रिलला, हनुमान जयंती आहे. त्या संध्याकाळी चर्चमध्ये फादर वाकून भाविकांचे पाय धुतील. चैत्री पौर्णिमेचा चंद्र तेव्हा वर आलेला असेल. आज कपाळावर लागलेली राख मात्र आज रात्रीच तोंड धुताना निघून जाईल. उद्या सकाळी कपाळ स्वच्छ असेल, कोणी काही विचारणार नाही. उपवास सुरू होतो तो तिथून.