आजार लपवणे म्हणजे हया नव्हे



आमच्या मोहल्ल्यातील एका चाचांनी मशिदीत येणे सोडले. घरच्यांना वाटले, गुडघे दुखत असतील. खरे कारण वेगळे होते. कपड्याला लघवीचे थेंब लागायचे, वुजू टिकत नसे आणि हे सांगायची शरम वाटे. एका रात्री लघवी पूर्ण तुंबली, तेव्हा धावपळ करून त्यांना दवाखान्यात न्यावे लागले.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट ही ग्रंथी असते. साठीतील सुमारे निम्म्या पुरुषांत ती वाढलेली असते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण दुर्लक्ष केले तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचेही तसेच. एका इस्पितळात तो सुरुवातीलाच, नेहमीच्या तपासणीत सापडतो. दुसऱ्यात रुग्ण येतो तो आजार हाडांत पसरल्यावर. आजार तोच असतो, पण कोण कधी पोहोचला यावर बरेच अवलंबून असते. म्हणून एका इस्पितळाच्या आकड्यांवरून साऱ्या गावाची तब्येत कळत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथे प्रोस्टेटच्या कॅन्सरची नोंद मुंबईच्या मानाने फार कमी आहे. राहणीमानातील फरक हे त्याचे एक कारण असेल. पण जिथे तपासणीच कमी, तिथे आजार सापडणार कसा? त्याच नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन लोकांशी बोलले, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्त्रिया लवकरच्या टप्प्यात इस्पितळात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्याने एवढा फरक पडला!

मग आपल्या घरात का बोलू नये? अब्बा रात्री वारंवार उठतात का, धार बारीक झाली आहे का, लघवीला जोर लावावा लागतो का, हे मुलाने अदबीने विचारावे. लघवीत रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये. पन्नाशीनंतर, आणि वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर त्याआधीच, पीएसए या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असे नाही. साध्या वाढीने किंवा संसर्गानेही तो वाढतो.

राहिला नमाजचा प्रश्न. ज्याचे थेंब थांबतच नाहीत, अशा माजूर माणसाला शरीअतने सवलत दिली आहे. मसला इमामसाहेबांना विचारावा आणि इलाज डॉक्टरांकडे करावा. इलाज करणे हीसुद्धा सुन्नतच आहे.

अल्लाह आपल्या बुजुर्गांना तंदुरुस्ती देवो. आमीन.