कपाटातले रिव्हॉल्व्हर



गेल्या वर्षी अण्णा गेले आणि शेत-घराबरोबर त्यांचे रिव्हॉल्व्हरही आम्हा वारसांच्या वाट्याला आले. वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, ३२ बोअरचे, जुने विलायती. परवाना अण्णांच्या नावाचा, त्यामुळे त्यांच्यानंतर ते घरात ठेवणे हा गुन्हाच. दादाने ते पोलीस ठाण्यात जमा केले. तेव्हापासून प्रश्न पडून होता : वारसांपैकी कुणी परवाना काढून ते ठेवायचे, की विकून टाकायचे?

संघटनेच्या बैठकीत मी हे सहज बोलले आणि दोन तास त्यातच गेले. एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, "ताई, परवाना तुम्हीच काढा. आपण रात्री-अपरात्री परगावी जातो, सासरची माणसं कार्यालयात येऊन धमकावून जातात. शस्त्र बाळगणं काय पुरुषांचीच मक्तेदारी आहे?" दुसरीचे म्हणणे, विका, केंद्राचे भाडे तरी निघेल. तेही खोटे नाही. शस्त्रांची आयात सामान्य परवानाधारकांना १९८०च्या दशकापासून बंद असल्याने अशा जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला आज लाखांत किंमत येते. केंद्राची शिल्लक किती आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

शस्त्राने बाई सुरक्षित होते, असे सरकारी कारखान्यानेही आपल्याला सांगून पाहिले आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर, जानेवारी २०१४मध्ये, कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर आणले. वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असे, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. (रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची पर्स त्यांनी पाहिली नसावी.) पण किमतीचे सोडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल काढून पाहा. स्त्रियांवरील नोंदलेल्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षे सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा आहे. बलात्काराच्या नोंदलेल्या दहांपैकी नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. पर्समधले शस्त्र अनोळखी माणसासाठी. ओळखीच्याला कपाटाची किल्ली कुठे असते, ते ठाऊक असते.

आता आमच्या कपाटाविषयी. अण्णांच्या रिव्हॉल्व्हरमधून माझ्या माहितीत एकही गोळी कुणावर सुटली नाही. गावात तर त्याचे कौतुकच होते. पण आईशी वाद वाढला की अण्णा उठत, कपाट उघडत आणि ते काढून फडक्याने पुसत बसत. तोंडातून शब्द नाही. आई स्वयंपाकघरात निघून जाई. तिच्या माहेरच्या शेताचा हिस्सा विकायला ती नाही म्हणाली, तेव्हाही अण्णा असेच पुसत बसले होते. आठवड्याच्या आत तिची सही झाली. मी तेव्हा नववीत होते. याला हिंसा म्हणतात, हे कळायला मला चळवळीत यावे लागले, आणि चळवळीत येऊनही आईशी त्यावर कधी बोलले नाही.

इतकी वर्षे केंद्रात बायांचे जबाब लिहून घेते आहे. मारहाण, उपाशी ठेवणे, घराबाहेर काढणे, सगळे विचारते. घरात शस्त्र आहे का, हे एकदाही विचारलेले नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५चा, त्याचे नियम २००६चे. हिंसाचारात वापरलेले शस्त्र न्यायालयाच्या आदेशानुसार जप्त करण्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याने गरज पडल्यास पोलिसांची मदत घ्यावी, असे त्या नियमांत आहे. आपण किती अर्जांत तशी मागणी करतो? आमच्या अर्जाच्या नमुन्यात हा प्रश्न या महिन्यापासून घातला आहे. तुमच्याही नमुन्यात घाला, आणि बंदुकीबरोबर कोयता, तलवार, काठीही विचारा.

राहिला विकण्याचा प्रश्न. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार जमा केलेले शस्त्र परवानाधारकाला विकता येते. घेणाऱ्याचा परवाना मी पाहू शकते. त्याच्या घरी वाद झाला की कपाट उघडते का, ते कसे पाहू? ज्या बाईला त्याच्यासमोर गप्प बसावे लागेल, ती उद्या आपल्याच केंद्रात येईल, आणि आपण त्याच पैशांतून भाडे भरलेल्या खोलीत तिचा जबाब घेऊ.

म्हणून ते ठेवायचे नाही आणि विकायचेही नाही, असे मी ठरवले. सरकारजमा करून मोडीत काढावे, असा अर्ज लिहिला. आमची तरुण कार्यकर्ती अजून नाराज आहे. रात्री एकटीने परतताना तिला वाटणाऱ्या भीतीवर माझ्याकडे पुरते उत्तर नाही. सध्या एवढेच केले आहे की परगावच्या केसला दोघींनी जायचे आणि गाडीभाडे संघटनेने द्यायचे. दादालाही लाखांवर पाणी सोडणे जड गेले, महिनाभर तो फोनवर तुटक बोलत होता.

अर्जाला वारसांची संमती जोडायची होती. कागद घेऊन मी आईकडे गेले. तिने तो दोनदा वाचला, "परत नाही ना येणार ते?" एवढेच विचारले, आणि चष्मा सारखा करत सर्वांत वर, दादाच्या आणि माझ्या आधी, सही केली.