आसनाला वेष्टन, हात उघडे

एखाद्या सुसज्ज सेवाकेंद्रात मोटार दुरुस्तीला गेली की प्रथम तिच्या आसनावर प्लास्टिकचे वेष्टन चढविले जाते, दुसरे स्टिअरिंगवर, आणि पायाखाली कागद अंथरला जातो. मेकॅनिकच्या तेलकट हातांपासून व कपड्यांपासून गाडी वाचावी, ही त्यामागील दक्षता. ही वेष्टने एकदा वापरून फेकावयाची असतात आणि त्यांच्या खर्चाबद्दल कोणी मालक कुरकुर करीत नाही. तो खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात कोठेतरी बसतोच. त्याच केंद्रात रॅम्पखाली उभे राहून जळके ऑइल सोडणाऱ्या मेकॅनिकचे हात मात पुष्कळदा उघडेच असतात. पुण्याच्या नाना पेठेतील वा कुर्ल्याच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात आसनालाही वेष्टन नसते. तेथे निदान एवढी समता तरी आहे!

याविषयी मालकांना विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘हातमोजे दिले होते, माणसेच घालीत नाहीत.’ हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही, आणि म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. दिले होते ते काय? बहुधा दवाखान्यात रुग्ण तपासताना वापरतात तसले पातळ मोजे. ते रबराचे असतील तर इंजिन ऑइल आणि पेट्रोल त्यांचे वैरी. नैसर्गिक रबर ही तेले शोषून घेते, फुगते आणि दुबळे होते. व्हिनाइलचे मोजे त्याहून स्वस्त, पण ते हाताला सैल बसतात आणि पहिल्याच नटाच्या कोपऱ्यावर फाटतात. अर्ध्या तासात दोन मोजे फाटले की मेकॅनिक तिसरा घालीत नाही. त्याचा हा निर्णय अडाणीपणाचा नसून अनुभवाचा आहे. निकामी साधन द्यावयाचे आणि ते टाकून दिले की दोष कामगाराच्या सवयीला लावावयाचा, ही युक्ती कारखानदारीइतकीच जुनी आहे.

वास्तविक या कामाला कोणता मोजा लागतो, यात गूढ असे काहीच नाही. तेल, ग्रीस आणि पेट्रोल यांपुढे टिकते ते नायट्राइल नावाचे कृत्रिम रबर. त्याची जाडी मिलमध्ये मोजतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तपासणीचे मोजे साधारणपणे तीन ते पाच मिलचे असतात. गॅरेजात सहा मिलच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन उतरविणे किंवा सस्पेन्शनचे काम असेल तर आठ मिलचा घ्यावा. आठ मिल म्हणजे तरी जेमतेम ०.२ मिलिमीटर, तेव्हा ‘बोटाला नट कळत नाही’ ही तक्रार बहुधा जाडीची नसून चुकीच्या मापाची असते. बोटांवर खडबडीत नक्षी असेल तर तेलकट पाना निसटत नाही. काळा रंग म्हणजे जाड मोजा, असा समज विक्रेते पसरवितात. रंगाचा जाडीशी काडीचाही संबंध नाही. खोक्यावर मिलचा आकडा छापलेला नसेल तर ते खोके परत करावे.

या मोज्याच्या मर्यादाही कामगाराला सांगितल्या पाहिजेत. ब्रेक वा कार्बोरेटर साफ करण्याच्या द्रवांत असणारे अ‍ॅसिटोनसारखे विद्रावक पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांत आरपार जातात. असा द्रव लागताच मोजा बदलावा. बॅटरीच्या आम्लासाठी जाड, पुन्हा वापरता येणारे मोजेच हवेत. तापलेल्या सायलेन्सरपासून हा मोजा वाचवीत नाही, आणि फिरते ड्रिल, लेथ किंवा चालू इंजिनचा पट्टा यांच्याजवळ कोणताही मोजा घालणे धोक्याचे. काढलेला मोजा उलटा करून दुसऱ्या दिवशी वापरणे म्हणजे आदल्या दिवशीचे तेल कातडीला बांधून ठेवणे होय.

एवढा खटाटोप कशासाठी? पेट्रोल इंजिनातील ऑइल वापराने काळे होते, तेव्हा त्यात ज्वलनातून आलेली बहुचक्रीय हायड्रोकार्बने साठत जातात, आणि त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या कातडीच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तो याच जातीच्या द्रव्यांमुळे. पुढे लँकेशायरच्या सूतगिरण्यांत यंत्रांच्या तेलाने भिजणाऱ्या कामगारांत हाच रोग आढळला. कर्करोग दूरचा वाटत असेल तर हाताला भेगा पडणे, खाज, इसब हे तर कोणत्याही गॅरेजात पाहावे. त्यावर उपाय म्हणून संध्याकाळी हात पेट्रोलनेच धुतले जातात.

पॉटच्या निबंधानंतर एकाच वर्षाने, १७७६ मध्ये, अ‍ॅडम स्मिथने लिहिले की अप्रिय कामाला बाजार अधिक वेतन देतो. उदारमतवादी अर्थशास्त्र आजही हेच सांगते : जोखमीची भरपाई मजुरीतच झालेली असते, मग मोज्याचा आग्रह कशाला? हा सिद्धांत गॅरेजात नेऊन पाहावा. पेट्रोलच्या घमेल्यात दिवसभर सुटे भाग धुणारा शिकाऊ पोरगा सर्वांत अधिक माखतो आणि सर्वांत कमी कमावतो. ज्याला काम नाकारण्याची सोय नाही, त्याच्या बाबतीत बाजार जोखमीची किंमत देत नाही. जोखीमच त्याच्या पदरात टाकतो.

कायद्याचे काय? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रशक्ती असल्यास १० आणि नसल्यास २० कामगारांपासून कारखाना मानला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हे आकडे २० आणि ४० केले. सुरक्षिततेसाठी पुरविलेल्या वस्तूचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, असे हीच संहिता सांगते; परंतु तिची ‘आस्थापना’ही सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासूनच सुरू होते. उस्ताद, दोन मेकॅनिक आणि एक पोरगा एवढाच पसारा असलेले गॅरेज त्या उंबरठ्याबाहेरच राहते. तेथला उस्ताद हा काही भांडवलदार नव्हे. त्याचेही हात तितकेच काळे असतात. म्हणून त्याच्याविरुद्ध घोषणा देण्यात अर्थ नाही.

स्वस्तातल्या स्वस्त मोज्यामागेही मात्र आपण धावू नये. मलेशियातील टॉप ग्लोव्ह या जगातील सर्वांत मोठ्या उत्पादक कंपनीचा माल अमेरिकेने जुलै २०२० मध्ये वेठबिगारीच्या कारणावरून अडविला, आणि स्थलांतरित कामगारांना नोकरीसाठी भराव्या लागलेल्या दलालीच्या परतफेडीची व्यवस्था झाल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये तो मोकळा केला. एका कामगाराचा हात वाचविण्यासाठी दुसऱ्याला कर्जात बुडवावयाचे काय, हा प्रश्न खरेदी करणाऱ्या संघटनेने विचारलाच पाहिजे.

संघटना म्हणावयाचे ते याचसाठी. शंभराच्या खोक्यात पन्नास जोड्या असतात. एकट्या गॅरेजाला ते खोके महाग वाटते, दहा गॅरेजांनी मिळून घाऊक घेतले तर वाटणार नाही. नाना पेठेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात आपल्या कार्यकर्त्यांनी अशी सामायिक खरेदी एका महिन्यापुरती करून पाहावी, तीन मापांत, सहा आणि आठ मिलमध्ये, आणि कोणता मोजा किती तास टिकला याची नोंद मेकॅनिककडूनच घ्यावी. मोठ्या सेवाकेंद्रांत बिलावर ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची ओळ असते. ज्या सहानुभूतीदारांकडे मोटार आहे त्यांनी पुढच्या वेळी पैसे देण्यापूर्वी विचारावे, की या ओळीत आसनाचे वेष्टन आले, मेकॅनिकचे मोजे आले की नाही?